मौनाचं उद्यापन

घंटी वाजली तेव्हा मी भावाच्या घरी, लातूरला, स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. बारीक आवाज, दोनच ठोके. वहिनीनं गॅस कमी केला, चहा कपात ओतला आणि जिना चढायला लागली. पायातली चप्पल तिनं खालीच काढून ठेवली. मी म्हणाले, "घंटी कसली गं?" ती जिन्यावरून वळून हळूच म्हणाली, "ईश्वरीची. काही लागलं की वाजवती. बोलायला लावलं की तिचं अभ्यासातलं ध्यान मोडतं."

ईश्वरी म्हणजे माझी भाची, बारावीत. डॉक्टर व्हायचंय. तिला व्हायचंय की घराला, हे मी कधी विचारलं नाही. तिच्यासाठी घरातला टीव्ही झाकून ठेवलाय. कुकर ती क्लासला गेल्यावर लावतात. दाराची बेल काढून टाकलीय, आलेला माणूस कडी हलवतो. लातुरात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत आणि ज्या घरात जास्त शांतता, त्या घराचं कौतुक जास्त.

वहिनी रिकामी बशी घेऊन खाली आली. मी विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणाली, "काय म्हणणार? बोलतच न्हाई आता. दिवाळीपासून लई शहाणी झालीय."

संक्रांतीला मी नांदेडहून आले होते, तेव्हा ईश्वरी तिळगुळापुरती खाली आली होती. पाया पडली, वर गेली. तेव्हा मीच सगळ्यांसमोर म्हणाले होते, किती गुणाची पोर, घरात आहे की नाही कळत नाही. जगात दुसऱ्या कुणीही म्हणावं, पण मी म्हणायला नको होतं.

ईश्वरी क्लासला गेल्यावर मी वर गेले. टेबलावर पुस्तकांच्या चळतीशेजारी ती घंटी होती. पितळेची, मुठीत मावणारी, दांड्यावर नंदी, आणि नंदीचं डावं शिंग मोडलेलं. मी ती लगेच ओळखली. संध्याकाळी भावाला विचारलं, ही तुला कुठं सापडली? तो हसला. "देवघराच्या कपाटात. अगं, तुझीच न्हाई का ती? तू मौन धरलं होतंस तवाची. मला काय बी आठवत न्हाई, लोक केळी आणायचे तेवढं आठवतं."

मला मात्र सगळं आठवतं.

आप्पांचं, म्हणजे आमच्या वडलांचं, लातूरच्या मुख्य बाजारात, गंजगोलाईत, भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागंच घर. चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबूस वास आणि कल्हईच्या नवसागराचा नाकात चढणारा धूर, या दोन वासांत मी वाढले. सकाळी आप्पा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे. आई बेलाची पानं निवडायची, किडकं पान बाजूला काढायची. पूजा झाल्याशिवाय घरात चहासुद्धा नाही. मग दुकानाच्या फळ्या निघायच्या आणि दिवसभर भांड्यावर भांडं आपटत राहायचं.

जिल्हा तेव्हा नवा होता. आप्पांना त्याचा भारी अभिमान. म्हणायचे, "आता कलेक्टर कचेरी आपल्या दारात. उस्मानाबादचे खेटे संपले." दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून त्यांनी 'जि. लातूर' लिहून घेतलं होतं. पण पेंटरनं रंग पातळ दिला, दुपारच्या उन्हात जुनी अक्षरं खालून वर दिसायची. शाळेतही आम्ही पोरं सवयीनं उस्मानाबाद लिहायचो आणि बाई लाल रेघ मारायच्या. कचेऱ्या आल्या, साहेब लोक भाड्यानं राहायला आले. पाणी तेवढं आलं नाही. आखाड कोरडा गेला. आड आटले. टँकर यायचा तेव्हा त्याच्या पाण्याला गंजाचा आणि डिझेलचा वास असायचा, आणि त्याच्याआधी रिकाम्या हंड्यांचा खणखणाट यायचा.

त्याच आखाडात माझं बोलणं बंद झालं. मी नववीत होते. एकदम नाही झालं. आधी हसू गेलं, मग भूक गेली. मग शाळेत हजेरी घेताना 'हजर' म्हणायला तोंड उघडेना. मग शाळाच गेली. माजघरात दुकानातले जादा हंडे रचून ठेवलेले असत, त्यांच्यामागं गार फरशीवर मी पडून राहायची. सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, अरे, अजून आहेच का मी. कारण विचारू नका. पुढं डॉक्टरांनीही विचारलं होतं, तेव्हाही मला सांगता आलं नाही.

आई हैराण झाली. "डोकं दुखतंय का? पोट? कुणी काही म्हणालं का गं?" मी मान हलवायची. तिनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला नाही, म्हणजे दृष्ट मोठी, म्हणून परत उतरल्या. तरीही मी तशीच. एकदा मी डोळे मिटून पडले होते, तेव्हा ती आप्पांना म्हणाली, "पोरगी येडी तर होऊन राहिली न्हाई ना?" आप्पा उठले. ते दुकानात जाऊन बसले.

मग श्रावण लागला. आमच्या घरातल्या बायका श्रावणी सोमवारी मौन धरायच्या. सकाळी उठल्यापासून संध्याकाळच्या पूजेपर्यंत चकार शब्द नाही. काही हवं असलं की घंटी वाजवायची, बाकी सगळं खुणेनं. पहिल्या सोमवारी आईचं मौन होतं. शेजारच्या काशीबाई बेल मागायला आल्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी बघत राहिले. दुसऱ्यांदा विचारलं, तरी बघत राहिले. काशीबाईंनी आईच्या हातातल्या घंटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बया. लेकीनंबी मौन धरलं व्हय? पावसासाठी?"

आई बोलू शकत नव्हती. पण मान हलवून नाही म्हणता आलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तिनं काशीबाईंकडं बघून होकाराची मान हलवली. आणि तिचा जीव भांड्यात पडला. पोरगी आजारी नव्हती, येडी होत नव्हती. पोरगी व्रतात होती. दुसऱ्या दिवशी तिनं तिची घंटी माझ्या उशाशी आणून ठेवली.

दोन-चार दिवसांत गोलाईभर झालं. भांडेवाल्याच्या पोरीनं पाऊस पडेपर्यंत मौन धरलंय. गिऱ्हाईक दुकानात हंडा घ्यायला यायचं आणि आत येऊन माझं दर्शन घेऊन जायचं. आप्पांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. त्यांनी मला आईच्या साडीत, डोक्यावर पदर देऊन पाटावर बसवायला सुरुवात केली. माझ्या बापाच्या वयाची माणसं वाकायची. एक आजीबाई तापलेलं नातवंड घेऊन आल्या आणि माझा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवला. ते पोर भाजत होतं. माझ्या हातानं काय होणार होतं? आई मला घागर देऊन मुद्दाम टँकरवर न्यायला लागली, तर बाया रांग मोडून बाजूला व्हायच्या. "मौनी हाय, तिची भरू द्या आधी." सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या बाया. माझ्यामागं पाणी संपायचं आणि काहीजणी रिकाम्या घागरी घेऊन परत जायच्या. माझी भरलेली असायची. तिचं ओझं मला उचलवत नसे.

आता मला बोलावंसं वाटायला लागलं होतं, हे कुणाला सांगू? एका शब्दानं सगळं संपलं असतं. पण ढग रोज गोलाईवर यायचे, थांबायचे आणि उदगीरकडं निघून जायचे, आणि मला वाटायचं, मी बोलले आणि पाऊस आलाच नाही, तर तो माझ्यामुळं आला नाही. खोटं व्रत आहे हे वर कळलं असेल, म्हणूनच तो येत नाही. चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात सबंध जिल्ह्याचा दुष्काळ येऊन बसला होता. मी आणखीच मिटले. खाणं सुटलं, तर लोक म्हणाले, आता अन्नपण सोडलं, धन्य हाय पोरगी.

नागपंचमीच्या तोंडावर उमरीची मावशी आली. आईची धाकटी बहीण. उंच, हाडापेरानं मोठी, तोंडात मिसरी आणि जिभेला हाड नाही. एसटीतून उतरली ती बोलतच, की तुमच्या नव्या जिल्ह्यापेक्षा आमचा जुना नांदेड बरा, निदान गंगेत डोह तरी हाय. आईनं तिला अपूर्वाईनं माझ्यासमोर आणलं. मावशी वाकली नाही. माझ्यापुढं बसली आणि नुसती बघत राहिली. मग तिनं माझ्या डोक्यावरचा पदर मागं सारला. आखाडापासून केसांना फणी लागली नव्हती. वेणीची दोरी झाली होती.

"खोबऱ्याचं तेल दे गं आक्का," ती आईला म्हणाली. "आन् फणी."

दुपारभर ती माझ्यामागं बसून होती. एकेक गुंता बोटानं सोडवायची, मग फणी. ओढायची नाही. 'बोल' असं एकदाही म्हणाली नाही. आपलंच सांगत राहिली, उमरीच्या बाजाराचं, सासूचं, म्हशीचं. मग त्याच आवाजात म्हणाली, "मलाबी झालतं माय. थोरला झाला तवा. लेकरू रडायचं आन् मी भिंतीकडं तोंड करून बसून राहायची. उठू वाटायचं न्हाई, मरू वाटायचं. लोक म्हणले, आळशी हाय. तुला निदान देवी तरी म्हणून राहिले." आणि हसली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मांडीवर पडलं. तिनं बघितलं नाही असं दाखवलं आणि फणी चालू ठेवली.

संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आक्का, व्रत मोठं हाय तर उद्यापनबी मोठं पाहिजे. मौनाचं उद्यापन वाहत्या पाण्यावर करत्यात. हितं कुठं हाय पाणी? मी नेते हिला नांदेडला."

आई म्हणाली, "पण पाऊस आला न्हाई अजून."

"गंगेला सांगून येऊ. ती बघंल काय ते."

आईनं मावशीकडं बराच वेळ बघितलं. मग माझी पिशवी भरायला लागली. काशीबाई कुरकुरल्या, आप्पाही जरा घुटमळले, पण उद्यापनाला नाही कोण म्हणणार? आईनं घंटी पिशवीत टाकली, बाहेर काढली, परत टाकली.

नांदेडच्या घाटावर गोदावरी, म्हणजेच मावशीची गंगा, पायऱ्या सोडून लांब सरकली होती. मधे चिखल, पलीकडं डोह. विष्णुपुरीच्या धरणाच्या कामाला जाणारे ट्रक धूळ उडवत होते. मावशीनं मला पाण्यापर्यंत नेलं, बेलाचं पान हातात दिलं आणि म्हणाली, "सोड." मी सोडलं. ते हळूहळू लांब गेलं. कितीतरी दिवसांनी पायाला पाणी लागलं होतं, ओंजळीत मावणार नाही इतकं पाणी. माझा आवाज घोगरा निघाला, मलाच ओळखू आला नाही. मी म्हणाले, "मावशी, पाऊस न्हाई पडला तर?"

"तर न्हाई पडला," मावशी म्हणाली. "पाऊस काय तुझ्या बापाच्या दुकानातला हाय?"

आणि मी रडले. किती रडले. कपडे धुणाऱ्या बाया बघायला लागल्या, तर मावशी त्यांना म्हणाली, "उद्यापन हाय, चालू द्या तुमचं."

तिथून ती मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. म्हणाली, दात दुखला तर दाताचा डॉक्टर, डोळ्याला डोळ्याचा, तसा ह्याचाबी असतो म्हणं. डॉक्टर सावळे, बारके, फार न बोलणारे. नाव विचारलं आणि मी सांगेपर्यंत पेन खाली ठेवून थांबले. घाई केली नाही. गोळ्या दिल्या, परत यायला सांगितलं, परत परत यायला सांगितलं. मी दिवाळीपर्यंत उमरीत राहिले. मावशीसोबत शेण काढलं, भाकरी शिकले, भांडले. हळूहळू सकाळी 'अजून आहे का मी' असं वाटणं कमी होत गेलं.

लातूरला परत निघताना मी मावशीला शपथ घातली, आईला सांगू नको. व्रत नव्हतं हे सांगू नको, दवाखान्याचं सांगू नको. मावशी म्हणाली, "तिला कळलं तर बरं असतंय गं." मी तिचा हात धरून ठेवला. मग म्हणाली, "बरं. न्हाई सांगत." आणि शब्दाची पक्की बाई, मरेपर्यंत सांगितलं नाही.

पाऊस त्या वर्षी आला नाही. कुणी मला बोललं नाही, काशीबाई फक्त एकदा उसासा टाकून म्हणाल्या, "सुटलं व्हय गं मौन." टँकरवर मी रांगेत शेवटी उभी राहायला लागले.

पण आईनं श्रावणी सोमवारचं मौन सोडलं ते कायमचं. सासरमाहेरच्या बायका टोकायच्या, तर म्हणायची, मला जमत न्हाई आता. उलट सोमवारी ती जास्त बोलायची. मी पुस्तक घेऊन गप्प बसले की काम नसताना यायची. जेवलीस का, काय वाचतीस, वेणी घालू का. लग्न होऊन नांदेडला गेले, पुढं घरात फोन आला, तर रोज फोन. काय गं आई, काय काम होतं? "काही न्हाई. आवाज ऐकायचा होता." कधी कामात असले की मी वैतागायची. एकदा म्हणालेसुद्धा, रोज रोज काय आवाज ऐकायचाय?

तिला सगळं ठाऊक होतं. पिशवीत घंटी टाकताना, काढतानाच ठाऊक होतं. कदाचित ती मान हलवतानाही. एवढं वर्षानुवर्षं ती एकटी घेऊन फिरली, आणि मी तिला एकदासुद्धा म्हणाले नाही की आई, तुझी चूक नव्हती, तू घाबरली होतीस. मला वाटायचं, बोललं तर तिला वाईट वाटेल. न बोलून तिला काय वाटलं, ते विचारायला ती आता नाही.

ती घंटी बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरी क्लासहून आली आणि वर गेली. मी तेलाची बाटली आणि फणी घेतली. वहिनी म्हणाली, "वन्स, आता नका जाऊ, तिची पेपर सोडवायची वेळ हाय." मी चप्पल घालूनच जिना चढले, चांगली वाजवत.

ती पुस्तक उघडून बसली होती. पान उलटत नव्हतं. केस मानेवर बांधलेले, वरून नीट, आत हात घातला तर गुंताच गुंता. मी मागं बसले. ती अंग चोरून बसली, मग ढिली पडली. मी बोलत राहिले, नांदेडच्या उन्हाचं, माझ्या शेजारणीच्या मांजराचं. मग म्हणाले, "ती घंटी माझी आहे. मला व्रतबित काही नव्हतं बरं का. मी आजारी होते. तुझ्याएवढीसुद्धा नव्हते."

मी पुढचा गुंता हातात घेतला. मग ती म्हणाली, "आत्या, मला वाचलेलं काहीच कळत नाही. कितीतरी महिने. मी नुसती बसते." आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक, "कधीकधी वाटतं, सकाळी उठूच नये."

माझा हात थांबला. मी तो परत चालू केला. तिला सरळ विचारलं, स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का? ती म्हणाली, येतं, पण भीती वाटते. मी म्हणाले, बरं झालं सांगितलंस. आता तुला एकटीला सोडत नाही, आणि उद्या सकाळी आपण डॉक्टरकडं जाऊ.

"बाबांना सांगू नको," ती म्हणाली, आणि मागं वळून तिनं माझा हात धरला. तसाच, जसा मी मावशीचा धरला होता.

"सांगणार," मी म्हणाले. "तू नको घाबरू, मी सांगते. पण सांगणार."

जिन्यावर पाऊल वाजलं. भाऊ दारात उभा होता. घंटी वाजली नाही आणि वर बोलण्याचा आवाज येतोय, म्हणून बघायला आला असावा. त्यानं पोरीच्या मोकळ्या केसांकडं बघितलं, तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. आणि त्याच्या तोंडावर मला आई दिसली, पिशवी भरणारी. सगळं कळलेली आणि काही न विचारणारी.

मी त्याला आत बोलावलं, खाटेवर जागा करून दिली आणि पोरीला बरं नाही, दिवाळीपासून नाही, हे त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मी तर तिला काही कमी पडू दिलं न्हाई गं. आवाजसुद्धा होऊ दिला न्हाई."

"तुझी चूक न्हाई रे," मी म्हणाले. "तू घाबरला होतास." आईला म्हणायचं राहून गेलेलं वाक्य होतं ते, आणि म्हणताना माझा आवाज पुन्हा तसाच घोगरा निघाला. मग फणी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "उरलेले केस तू सोडव. हळू. ओढू नको. आणि बोलत राहा, काही का असेना."

त्यानं फणी घेतली. पहिला गुंता बोटांत धरला. मग तो पोरीला म्हणाला, "लहान होतो तवा आपल्या घरी लोक लई केळी आणायचे."